उणे वीस अंशांत निश्चल बसायचे असेल तर

माझा भाचा कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात, थंडर बे या शहरात नोकरी करतो. तिथला शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याने रीतसर परवाना काढला आहे आणि यंदाच्या नोव्हेंबरात तो सहकाऱ्यांबरोबर पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. "मामा, तुम्ही लडाखात थंडी काढली आहे, कपडे कोणते घ्यायचे ते मला नीट सांगा," असे त्याने विचारले. फोनवर पाच मिनिटांत संपणारा हा विषय नाही. शिवाय बेळगाव-खानापूर भागातली कितीतरी मुले आज सैन्यात आहेत किंवा थंड देशांत कामाला गेली आहेत. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडचे अभयारण्य आहे; त्या बाजूच्या गावांत भातात शिरणाऱ्या रानडुकरांना आणि गव्यांना रात्रभर जागून हाकलायचे असते, मारायचे नसते. कॅनडात मात्र शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, कोणते जनावर किती मारायचे हे परवान्यावर ठरलेले असते, आणि भाचा त्या नियमांत राहून जाणार आहे. म्हणून मी त्याला मनापासून सल्ला देत आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. बेळगावच्या सेंटरमधून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या जवानाला उंचावरच्या चौकीत रात्रीचा पहारा करताना जे शिकावे लागते, तेच बर्फातल्या शिकाऱ्याला उपयोगी पडते, कारण दोघांचे काम सारखेच आहे. आधी ओझे घेऊन चढ चढायचा, मग एका जागी न हलता तासन् तास बसायचे. कपड्यांचा सारा प्रश्न या दोन अवस्थांमधल्या फरकात आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे 100 वॉट उष्णता निर्माण करते. तोच माणूस पाठीवर सामान घेऊन बर्फातून चढू लागला की हा आकडा चार-पाच पटींनी वाढतो. चालण्यासाठी पुरेसे असलेले कपडे बसल्यावर अपुरे पडतात आणि बसण्यासाठी योग्य असलेले कपडे घालून चालले तर माणूस घामाने भिजतो. दोन्ही वेळी चालेल असा एकच पोशाख कोणत्याही दुकानात मिळत नाही, मग त्याची किंमत कितीही असो. म्हणून कपडे निवडायचे ते बसण्याच्या वेळेसाठी, आणि त्यांतले निम्मे चालताना पाठीवर वाहून न्यायचे.

नवख्या माणसाला हे पटणे अवघड जाते. घरातून निघताना उणे पंधरा अंश असतात, दार उघडताच गार वारा तोंडावर येतो, आणि हात आपोआप सर्वांत जाड कोटाकडे जातो. तो कोट घालून अर्धा तास बर्फ तुडवले की पाठ ओली होते. चालत असेपर्यंत काही जाणवत नाही. बसल्यावर मात्र तो घाम गार पडू लागतो. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओला शर्ट अंगाला चिकटला की वर किती कपडे आहेत याला फारसा अर्थ उरत नाही. आमच्या चौकीवर जुने सुभेदार साहेब नव्या पोरांना वर चढायला निघण्याआधी जाड कोट उतरवून पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, बांधायला लावत आणि मगच पुढे सोडत. निघाल्यावर पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. भाच्यालाही मी हेच सांगतो. गाडीतून उतरल्यावर अंगावर फक्त आतला थर, एक पातळ लोकरी जर्सी आणि कायद्याने लागणारे नारिंगी जॅकीट व टोपी असू दे, कानटोपी खिशात असू दे, सावकाश चाल, आणि घाम येतोय असे वाटले की थांब, गळ्याची चेन उघड. बसण्याच्या जागी पोहोचल्यावर लगेच जाड कोट चढवू नकोस. पाच-सात मिनिटे श्वास खाली येऊ दे, आतला बनियन दमट झाला असेल तर थंडी सोसून तो तिथेच बदल, आणि मग कोट घाल. कोरडा बनियन बरोबर नेणे हे जाड कोट नेण्याइतकेच आवश्यक आहे.

बनियनचा विषय निघालाच आहे तर आपल्या लोकांची सुती कपड्यांची सवय मोडण्याविषयी बोलतो. आपण सुतावर वाढलेली माणसे आहोत. शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत मोठे झालेल्या मुलाला सूत वाईट आहे असे सांगितले तर त्याला ते खरे वाटणार नाही, आणि आपल्या हवेत सूत उत्तमच आहे. परंतु सूत पाणी शोषून ते धरून ठेवते. आपल्याकडे वैशाखात याच गुणामुळे अंग थंड राहते आणि तिकडे याच गुणामुळे जीव धोक्यात येतो. तेव्हा सुती बनियन, सुती चड्डी, सुती मोजे आणि जीन्स या चार वस्तू शिकारीच्या दिवशी घरी राहिल्या पाहिजेत. चड्डीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण कमरेच्या पट्ट्याखाली बराच घाम साठतो.

आतला थर मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा घ्यावा. मेरिनोचा धागा बारीक असल्यामुळे तो टोचत नाही, स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही हाताला ओला लागत नाही आणि त्याला घामाचा वास लवकर धरत नाही, ज्याचे महत्त्व हरणाच्या शिकारीत वेगळे सांगायला नको. मेरिनो परवडत नसेल तर पॉलिएस्टरचा थर्मल चालतो. तो लवकर वाळतो, मात्र त्याला वास धरतो. हा थर अंगाला लागून बसणारा हवा, आवळणारा नको. त्यावरचा मधला थर म्हणजे लोकरी जर्सी किंवा फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ कृत्रिम कापड. एका खूप जाड स्वेटरपेक्षा दोन मध्यम स्वेटर बरे, कारण थंडीपासून वाचवते ती कापडात अडकलेली स्थिर हवा. दोन थरांमध्ये ती जास्त अडकते, आणि गरज संपली की एक थर उतरवता येतो.

लोकरीवर माझा इतका विश्वास का, हे पाहायचे असेल तर मार्गशीर्षातल्या पहाटे जांबोटीकडच्या एखाद्या शेतात यावे. मळणी व्हायची असते, भात खळ्यावर पडलेले असते आणि राखणीला माळ्यावर बसलेला माणूस घोंगड्याची खोळ घेऊन बसतो. हे घोंगडे दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे असते आणि विणल्यावर त्याला चिंचोक्यांची खळ दिलेली असते. पहाटे जवळ जाऊन पाहिले तर दहिवराचे थेंब त्या लोकरीच्या वरच्या केसांवर मण्यांसारखे उभे दिसतात. घोंगडे एकदा जोरात झटकले की बहुतेक पाणी खाली पडते आणि आतली बाजू कोरडीच राहते. शेजारी सुती चादर घेऊन बसलेल्याची चादर तोवर जड होऊन खांद्याला चिकटलेली असते. आपल्याकडे थंडी दहा-बारा अंशांची, म्हणून त्याचे इतकेच होते की तो शेकोटीकडे सरकतो. तिकडे शेकोटी पेटवून हरणाची वाट पाहता येत नाही.

सर्वांत वरचा कोट पिसांचा घ्यावा की कृत्रिम भरणाचा, हा प्रश्न भाच्याने वेगळा विचारला होता. बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांचा कोट वजनाला हलका, घडी लहान आणि कोरड्या कडाक्यात त्याच्याइतकी ऊब दुसरे काही देत नाही. पण पिसे भिजली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब जाते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जेव्हा दिवसा ओला बर्फ पडतो, तेव्हा कृत्रिम भरण असलेला कोट बरा. महिनाअखेर पारा उणे वीसकडे उतरला आणि हवा कोरडी झाली की पिसांचा. एकच घ्यायचा असेल तर मी कृत्रिम भरणाचा घेईन, कारण तो भिजूनही थोडीफार साथ देतो. कोट नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा असावा, आतले सगळे थर घालून खांदे वर नेता आले पाहिजेत आणि बंदूक खांद्याला लावता आली पाहिजे. दुकानात जाताना आतले कपडे घालूनच जावे. खाली छातीपर्यंत चढणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट घ्यावी. साध्या पँटमध्ये बसले की कंबर उघडी पडते आणि वारा नेमका तिथून शिरतो.

वाऱ्याचा हिशेब आकड्यांत सांगतो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकाप्रमाणे तापमान उणे 20 असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा वाहत असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 33 सारखी लागते. म्हणून सर्वांत वरच्या कापडातून वारा जाता कामा नये. पण इथे शिकाऱ्याची अडचण जवानापेक्षा वेगळी आहे. वारा अडवणारे गुळगुळीत नायलॉन कडाक्यात ताठ होते आणि हात हलवला की सळसळते. शांत जंगलात हरणाला तेवढा आवाज पुरतो. तेव्हा वारा अडवणारा पडदा आत आणि बाहेरून ब्रश केलेले मऊ कापड किंवा लोकर, अशी रचना असलेला कोट शोधावा. दुकानात कोटाच्या दोन्ही बाह्या एकमेकींवर घासून कान देऊन ऐकावे.

रंगाबद्दल तिथला कायदा स्पष्ट आहे. ऑन्टारिओत बंदुकीने हरणाची शिकार चालू असलेल्या हंगामात अंगावर कमरेच्या वर किमान 2,580 चौरस सेंटिमीटर भडक नारिंगी रंग दिसला पाहिजे आणि डोक्यावरही नारिंगी टोपी हवी, जेणेकरून दुसरा शिकारी माणसाला जनावर समजणार नाही. इतक्या भडक रंगाने हरीण पळणार नाही का, अशी शंका माझ्या बहिणीला आली. हरणाच्या डोळ्यांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे तो रंग त्याच्यासाठी उठून दिसत नाही. निळी आणि अतिनील छटा मात्र त्याला चांगली दिसते. म्हणून जास्त शुभ्रतेचा दावा करणाऱ्या पावडरीने हे कपडे धुऊ नयेत. त्या पावडरींतली चमक आणणारी द्रव्ये नेमकी त्याच छटेत उजळतात. नारिंगी जॅकीट सर्वांत मोठ्या मापाचे घ्यावे, म्हणजे बसताना चढवलेल्या जाड कोटाच्याही वरून ते घालता येईल. चालताना जॅकीट घातले आणि बसताना त्यावर कोट चढवला तर रंग झाकला जातो आणि नियमाचा हेतूच संपतो.

इथेच वासाचेही सांगतो. बहिणीने जुन्या ट्रंकेतली लोकरी जर्सी भाच्याला पाठवायला काढली आहे. ती चांगलीच आहे, पण डांबरगोळ्यांत राहिलेली आहे. हरणाचे नाक फार तीक्ष्ण असते. ती जर्सी बिनवासाच्या साबणाने धुऊन सावलीत, मोकळ्या हवेत बरेच दिवस टांगून ठेवल्याशिवाय वापरू नये.

पायांवर सर्वांत जास्त खर्च करावा असे माझे ठाम मत आहे. पहाऱ्यावर बसलेल्या माणसाला उठायला लावतात ते बहुतेक वेळा पायच. बूट घेताना लोक फार घट्ट घेतात आणि त्यात मोज्यांचे तीन जोड कोंबतात. त्यामुळे ऊब वाढत नाही. मोजे दबून त्यांतली हवा निघून जाते, पावलांचे रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे आधी बधिर होतात. एक पातळ मोजा, त्यावर एक जाड लोकरी मोजा, आणि बुटात बोटे मोकळी हलली पाहिजेत, एवढेच माप. बसून राहणाऱ्यासाठी तिकडे खास बूट मिळतात, ज्यांचा खालचा भाग रबराचा असतो आणि आत दाबलेल्या लोकरीचे, म्हणजे फेल्टचे, जाड अस्तर असते. ते अस्तर बाहेर निघणारेच घ्यावे. दिवसभरात पावलांचा घाम त्यात मुरतो. रात्री ते काढून शेगडीपासून हातभर अंतरावर वाळवले नाही तर दुसऱ्या दिवशी पाय ओल्या अस्तरात जातात. आमच्या बंकरमध्ये बुखारीभोवती, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीभोवती, दोरी बांधून मोजे आणि अस्तरे टांगलेली असत, आणि त्या दोरीवर जागा मिळवण्यासाठी वादही होत. शक्य असेल तर अस्तरांचा दुसरा जोड घ्यावा. बर्फावर बूट टेकवून बसले की थंडी तळातून चढते, म्हणून पायांखाली फोमचा तुकडा किंवा वाळलेल्या फांद्या घालाव्यात. बसायलाही फोमची गादी हवीच. बर्फावर किंवा मचाणाच्या लोखंडी जाळीवर नुसते बसले तर पाठीमागची सगळी ऊब दाबाखाली संपते.

हातांसाठी दोन थर. आत पातळ लोकरी हातमोजे आणि वर चारही बोटे एकत्र राहणारे जाड मोजे, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. वरच्या मोज्याचा पुढचा भाग उलटा पडणारा असेल तर नेम धरताना फक्त पातळ हातमोजा उरतो. जाड मोज्यासह बोट कधीही बंदुकीच्या चापाजवळ नेऊ नये. स्पर्श नीट कळत नाही आणि गोळी नको तेव्हा सुटू शकते. कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी बंदुकीच्या नळीला हात लावू नये, कातडी धातूला चिकटते.

डोक्यासाठी नारिंगी टोपीखाली कानटोपी आणि मानेभोवती लोकरीची नळी पुरते. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, ही ऐकीव गोष्ट खरी नाही. डोक्यातून उष्णता जाते ती साधारण त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. पण आतली कानटोपी काढणे-घालणे सर्वांत सोपे आहे, म्हणून अंगातली ऊब कमीजास्त करण्याचे ते सर्वांत चांगले साधन आहे.

झाडावरच्या मचाणावर बसायचे असेल तर सुरक्षेचा पट्टा सगळ्या जाड कपड्यांसह जमिनीवर बांधून पाहावा. पट्टा उन्हाळ्यातल्या शर्टावर बेतलेला असतो आणि ऐन वेळी कोटावर बसत नाही, मग माणूस तो न बांधताच वर चढतो. पडून जायबंदी होण्याचा धोका थंडीपेक्षाही मोठा आहे.

रमविषयी भाच्याने विचारले नव्हते, तरी सांगतो. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते. बंदूक हातात असताना तर तिचे नावही काढू नये. थर्मासमध्ये गोड चहा न्यावा, खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवावी. शरीराला जाळायला काही असेल तरच कपडे ऊब राखतात.

कान, नाक किंवा बोट पांढरे पडून बधिर झाले तर ती हिमदंशाची सुरुवात समजावी. ते चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच घासू नये, बोटे काखेत धरावीत आणि निवाऱ्याकडे निघावे. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर गोठलेला भाग वाटेत वितळवू नये. बोलणे अडखळू लागले, साध्या गोष्टी सुचेनाशा झाल्या, तर शरीराचे आतले तापमान 35 अंशांखाली जाऊ लागल्याची शंका घ्यावी आणि हरीण समोर असले तरी शिकार तिथेच थांबवावी.

आता खरेदीचे. आतले कपडे आणि मोजे इथून पाठवता येतील. बूट, कोट आणि नारिंगी जॅकीट त्याने तिथेच, अंगावर घालून घ्यावेत. आणि शिकारीला निघण्याआधी, पारा उणे दहाच्या खाली गेलेल्या एखाद्या रात्री, सगळे कपडे घालून घराच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून दोन तास न हलता बसावे, मोबाइल न काढता. शरीराचा कोणता भाग आधी गार पडतो ते लक्षात ठेवावे. बहुधा पाय किंवा ढुंगण असेल. तेवढीच वस्तू बदलावी आणि पुढच्या थंड रात्री पुन्हा बसून पाहावे.